उभा रथ, धावती झाडे
आपल्या रंगभूमीवरील हलत्या देखाव्याची कहाणी



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे चित्रकलेचे सर फार बोलत नसत. त्यामुळे त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात मी तासभर बोलावे, हा प्रकार त्यांना कितपत रुचला असता याची मला शंका आहे. तरीही निमंत्रण स्वीकारले, कारण त्यांचे एक ऋण माझ्या डोक्यावर आहे. मराठी नाटक हा माझ्या अध्यापनाचा आणि संशोधनाचा विषय झाला, त्याचे बीज याच शाळेच्या व्हरांड्यात पडले. त्याच विषयात माझ्याकडून एक मोठी उपेक्षाही घडली. आज दोन्हींचा हिशेब मांडावा, असे मनात आहे.

प्रारंभ १९६४ सालच्या स्नेहसंमेलनापासून करतो. शाकुंतलाच्या पहिल्या अंकाचे मुलांसाठी केलेले रूपांतर आम्ही बसविले होते. दुष्यंत रथातून हरिणाचा पाठलाग करतो तो प्रवेश त्यात होता. मी सारथी. रथ बांबूच्या कामट्यांचा, त्यावर रंगीत कागद, आणि चाके जमिनीपासून दोन बोटे वर, म्हणजे जागच्या जागी फिरणारी. रथ हलणार नव्हता. हलणार होते ते रान. भूगोलाच्या तासाला चित्रे दाखविण्यासाठी शाळेत एक जुना मॅजिक लँटर्न होता. सरांनी काचेची एक लांब पट्टी घेतली, तिच्यावर पारदर्शक रंगांनी झाडे रंगविली आणि ती पट्टी दिव्यापुढून हळूहळू सरकविण्याची योजना केली. झाडे मागे पळाली की रथ पुढे धावतो असे प्रेक्षकांना वाटेल, हा त्यातला हिशेब. आगगाडीच्या खिडकीशी बसलेल्या प्रत्येक मुलाला तो ठाऊक असतो.

तालमीत पहिली अडचण अशी आली की, दिवा प्रेक्षकांच्या बाजूने लावला तेव्हा माझ्या पागोट्याची भलीमोठी सावली रानावर पडू लागली. आठ दिवस आम्ही त्या सावलीशी झगडलो. शेवटी संमेलनाच्या आदल्या रात्री सरांनी दिवा उचलून पडद्यामागच्या वर्गात नेला, पांढरा पडदा पाण्याने भिजविला (ओल्या कापडातून उजेड अधिक आरपार येतो) आणि चित्र पाठीमागून पाडले. सावली नाहीशी झाली. सगळे आनंदाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी पडदा उघडला, दिवा लागला आणि रथ उलटा धावू लागला! दिवा पुढून मागे नेला की डावे-उजवे बदलते. पट्टी ओढणारा माझा मित्र मात्र आठ दिवसांच्या सवयीने पूर्वीच्याच बाजूला ओढत होता. झाडे पुढे पळत होती, घोडे तोंड पुढे करून मागे चालले होते, आणि समोर बसलेले शे-दोनशे लोक पोट धरून हसत होते. मी लगाम हातात धरून थिजून गेलो. तेवढ्यात विंगेतून सरांचा शांत आवाज आला, "अरे, तू बोल."

रथाच्या वेगाचे वर्णन मुळात राजाच्या तोंडी आहे. आमच्या रूपांतरात सरांनी ते सारथ्याला दिले होते. मी बोलू लागलो. लांबून इवलेसे दिसणारे पाहता पाहता केवढे मोठे होते, जवळचे कधी मागे पडले ते कळत नाही, अशा आशयाची ती वाक्ये होती. दोन-तीन वाक्यांत हशा ओसरला. मागे मित्राने आपली चूक ओळखून पट्टी उलट फिरविली असावी, कारण थोड्या वेळाने झाडे योग्य दिशेने पळू लागली. पण तोवर रथ प्रेक्षकांच्या मनात सुटला होता. त्या रात्री सर एवढेच म्हणाले, "दिवा चुकला तरी चालतं. बोलणाऱ्यानं थांबायचं नाही." त्या वाक्याचा अर्थ मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळला.

आपल्या प्राचीन रंगभूमीने गती दाखविण्याचे काम जवळजवळ सर्वस्वी नटावर आणि शब्दावर सोपविले होते. नाट्यशास्त्रात कक्ष्याविभाग नावाची कल्पना आहे. रंगपीठाचे वेगवेगळे भाग वेगवेगळी स्थळे मानायची, आणि नटाने परिक्रमा केली की स्थळ बदलले असे समजायचे. कालिदासाच्या नाटकात रथ येतो तो अभिनयाने येतो. पहिल्या अंकातला रथ जमिनीवरून धावतो. सातव्या अंकात मातली दुष्यंताला आकाशमार्गाने खाली आणतो, तेव्हा वरून दिसणारी आणि क्षणाक्षणाला जवळ येणारी पृथ्वी कवीने संवादातून उभी केली आहे. विमानात पाऊल न टाकलेल्या माणसाने केलेले हे वर्णन आजही विमानातून उतरताना आठवते. प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे काहीच हलत नाही; सर्व हलते ते त्याच्या कल्पनेत.

दुसरी परंपरा सावलीची. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी जपला. आंध्र-तेलंगणात तो 'तोलुबोम्मलाट' या नावाने प्रसिद्ध आहे. तेलुगूत तोलु म्हणजे कातडे, बोम्म म्हणजे बाहुली. कातडे घासून इतके पातळ करायचे की त्यातून उजेड जावा. त्यावर रंग द्यायचे, दागिन्यांच्या जागी बारीक भोके पाडायची, आणि पांढऱ्या पडद्यामागे दिवे लावून बाहुली पडद्याला टेकवायची. आंध्रातील या बाहुल्या माणसाच्या उंचीच्या जवळपास जातात. बाहुली पडद्याला चिकटून असली तर आकृती रेखीव दिसते. दिव्याकडे सरकवली की ती मोठी आणि धूसर होते. लहानाचे मोठे होणे, दुरून जवळ येणे, एकाएकी विरून जाणे या साऱ्या गोष्टी एका दिव्याच्या आणि एका हाताच्या बळावर साधतात. दिवा, रंगीत पारदर्शक चित्र आणि पडदा, ही चित्रप्रक्षेपणाची तिन्ही अंगे येथे आहेत. उणे आहे ते केवळ भिंग.

ते भिंग युरोपात सतराव्या शतकात आले. १६५९ च्या सुमारास हॉलंडच्या हायगेन्स या शास्त्रज्ञाने मॅजिक लँटर्न सिद्ध केला. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये रॉबर्टसन नावाच्या गृहस्थाने हा दिवा चाकांवर बसविला आणि पडद्यामागून पुढे-मागे नेऊन भुते वाढताना व अंगावर येताना दाखविली. आपला बाहुलीवाला बाहुली दिव्याकडे नेतो, त्याने दिवाच हलविला, एवढाच फरक. १८७६ मध्ये बायरॉइटला वाग्नरच्या संगीतनाट्यात घोड्यांवरून आकाशातून जाणाऱ्या वीरकन्या काचेवरील चित्रांनी व दिव्याने दाखविल्या गेल्या. १८८२ मध्ये त्याच्याच 'पार्सिफाल'मध्ये रुळांवर गुंडाळलेला लांबलचक रंगविलेला पडदा नटांच्या मागून सरकत गेला. १८९९ मध्ये न्यूयॉर्कला 'बेन हर'च्या प्रयोगात खरे घोडे सरकत्या पट्ट्यांवर जागच्या जागी दौडले आणि त्यांच्या मागे देखावा धावला. आमचा कामट्यांचा रथ त्याच कुळातला, फार गरीब घरचा.

महाराष्ट्रात हा दिवा कल्याणला पेटला. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने चित्रदिव्याचे खेळ सुरू केले. शंबरासुर मायावी म्हणून प्रसिद्ध, म्हणून शांबरी म्हणजे माया. खरोलिका म्हणजे दिवा. एका विलायती यंत्राला इतके देखणे नाव देणारा माणूस नुसता यंत्रज्ञ नसला पाहिजे. पटवर्धन पितापुत्रांनी काचांवर हाताने चित्रे रंगविली. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या अवस्थांच्या काचा भराभर बदलल्या की पात्र हलल्याचा भास होई. एकाहून अधिक दिवे एकाच पडद्यावर रोखल्यामुळे मागचा देखावा स्थिर ठेवून पुढची आकृती हलविता येई. जोडीला निवेदन आणि संगीत. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा चलच्चित्रपट ७ जुलै १८९६ रोजी दाखविला गेला, त्याच्याही आधीची ही गोष्ट आहे.

आमच्या सरांपाशी दिवा एकच. त्यामुळे जवळचे झाड आणि दूरचा डोंगर एकाच वेगाने पळत. डोळा हे खपवून घेत नाही. रान धावत नसून कोणी पडदा ओढीत आहे असे दिसू लागते. सरांनी मग पट्टीवरून डोंगर पुसून टाकले, ते फिकट रंगाने पडद्यावरच रंगविले, आणि पळू दिली ती फक्त झाडे. पटवर्धनांनी दोन दिव्यांनी साधले ते त्यांनी एका कुंचल्याने साधले. शांबरिक खरोलिकेविषयी पुढे वाचले तेव्हा मला प्रथम ते पुसलेले डोंगर आठवले.

आता मी माझ्या उपेक्षेकडे येतो.

मराठी नाटकाचा इतिहास आपण सांगलीपासून सांगतो. १८४२ मध्ये कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीला आली, तिचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही करण्यास सांगितले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले. भावे स्वतः बाहुल्याही करीत. त्यांच्या लाकडी बाहुल्या आजही जपलेल्या आहेत. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' झाले, रंगविलेले पडदे आले, कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर आले. यापैकी बाबूराव पुढे पडद्यावरून चित्रपटाकडे गेले. ही सारी वाट माझ्या प्रबंधात पानोपानी आहे. भाव्यांनंतरच्या काळात धारवाडकडची नाटक मंडळी आंध्रात गेली, तिच्या खेळांनी १८८० च्या सुमारास राजमहेंद्रीच्या कंदुकूरी वीरेशलिंगम् यांच्यासारख्यांना तेलुगू नाटकाची प्रेरणा मिळाली, याचाही मी उल्लेख केला. पण तिथे माझी लेखणी थांबली. ज्या हैदराबादेत बसून मी हे लिहीत होतो, त्या हैदराबादेत नाट्यप्रयोग करणाऱ्या सुरभी मंडळींविषयी माझ्या प्रबंधात एक ओळही नाही.

सुरभी हे कडप्पा जिल्ह्यातील गाव. तेथे १८८५ मध्ये वनारस गोविंदराव आणि त्यांच्या कुटुंबीयांनी एका लग्नाच्या निमित्ताने 'कीचकवध' केला, आणि गावाचे नाव मंडळीला चिकटले. (याच कथेवरचे खाडिलकरांचे नाटक १९०७ चे, सरकारने ते १९१० मध्ये बंद केले.) वनारस घराण्याचा पिढीजात व्यवसाय चामड्याच्या बाहुल्यांचा. आपले पूर्वज शिवाजीमहाराजांच्या सैन्यातून दक्षिणेत आले, अशी त्यांची कुळपरंपरा सांगते, आणि त्यांच्या घरात बोलतात ती 'आरे' नावाची मराठीचीच बोली. बाहुल्यांचा पडदा बाजूला सारून ही माणसे स्वतःच दिव्यापुढे येऊन उभी राहिली. आपल्याकडे स्त्रीभूमिका पुरुष करीत होते त्या काळापासून यांच्या घरच्या स्त्रिया रंगमंचावर वावरत आहेत, कारण सबंध कुटुंब हीच मंडळी. मराठी घरातून निघालेली, भाव्यांसारखीच बाहुलीकडून नाटकाकडे आलेली ही परंपरा मला दिसली नाही. कारण ती तेलुगूत बोलत होती, आणि तंबूत राहत होती.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी पब्लिक गार्डनमधील ललित कला तोरणम् येथे मी पत्नीसह प्रथमच त्यांचा 'मायाबझार' पाहिला. आपण ज्याला वत्सलाहरण म्हणतो तीच कथा. एकामागे एक रंगविलेले पडदे उलगडत गेले, नारद ढगावरून अधांतरी आला, दोन बाण हवेत एकमेकांना भिडून ठिणग्या उडाल्या, घटोत्कचाच्या ताटातले लाडू आपोआप उडून त्याच्या तोंडात गेले. या सगळ्यामागे दोर, कप्प्या, तारा आणि विंगेत उभी असलेली घरचीच माणसे. मी शाळकरी मुलासारखा पाहत होतो, आणि घटोत्कच येताच मागच्या बाकावरची लहान मुले रडू लागली होती.

प्रयोगानंतर आम्ही दोघे आपसांत काही बोलत बाहेर पडत होतो. तोंडाचा रंग पुसत उभ्या असलेल्या एका वृद्ध कलावंताने ते ऐकले आणि तो दखनीत म्हणाला, "हमारे घर में बी येईच बोली है साहब, जरा टेढ़ी." मग त्याने आपल्या नातीला हाक मारून तिच्याशी दोन-चार वाक्ये बोलून दाखविली. त्यात तेलुगू शब्द पुष्कळ होते, हेल निराळा होता. पण क्रियापदे माझ्या आजीच्या तोंडची होती. मराठी नाटकाचा डॉक्टर म्हणून मिरवणारा मी त्या वेळी काय बोलावे ते न सुचून नुसते हात जोडून उभा राहिलो.

त्या रात्री मला सरांचा दिवा आठवला. आम्ही शहरातले मराठी लोक आपली मराठी मोजीत आलो ती शाळांनी, ग्रंथालयांनी, गणेशोत्सवांनी आणि संमेलनांनी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा वेगळा झाला, आणि येथे उरलेल्या आम्हांला आपण थोडे झालो याची टोचणी लागून राहिली. ती खोटी नव्हती. पण थोडे झालो असे म्हणताना, जे आपले होते त्यांना आम्ही मोजलेच नव्हते. आम्ही दिवा समोरून लावला होता. त्यामुळे पडद्यावर आम्हांला आमच्याच पागोट्याची सावली दिसत राहिली.

सुरभीची पुढची हकीकत अभिमानाची आहे आणि काळजीचीही. एके काळी या घराण्यांच्या मंडळ्या अनेक होत्या. त्यांपैकी बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस कन्नड रंगभूमीचे थोर दिग्दर्शक ब. व. कारंत यांनी त्यांच्यासाठी 'भीष्म', 'चंडीप्रिया' आणि ब्रेख्तवर आधारलेले 'बस्ती देवता यादम्मा' बसविले. श्री वेंकटेश्वर नाट्यमंडळीचे रेकंदार नागेश्वरराव, ज्यांना सारे 'बाबजी' म्हणत, त्यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये ते गेले. पण दोर ओढणारे हात घरचेच लागतात, आणि घरची मुले आता शिकून नोकऱ्यांना जातात. ती का जातात, हे विचारण्याचा अधिकार माझ्यासारख्या पेन्शनरला नाही.

आज प्रक्षेपणाचे यंत्र पुस्तकाएवढे झाले आहे. मेघ, समुद्र, धावती आगगाडी, काय हवे ते पडद्यावर उमटते. दोर नको, कप्पी नको. तरुण मंडळी मला विचारतात, यामुळे नाटक मरेल का? मला तसे वाटत नाही. १९५९ मध्ये कलकत्त्याच्या 'सेतू' नाटकात तापस सेन यांनी केवळ उजेड आणि आवाज यांच्या साह्याने रंगमंचावरून आगगाडी नेली आणि त्याच वर्षअखेरीस 'अंगार'मध्ये कोळशाच्या खाणीत पाणी भरले. ते पाहायला लोटलेली गर्दी सुरुवातीला गाडीसाठी आली असेल. पण त्या गाडीपुढे एक स्त्री जीव द्यायला उभी होती, म्हणून लोकांचा श्वास अडकला. तिला काढून घ्या, मग उरते ती फक्त यंत्राची करामत. धावता देखावा खरा ठरतो तो त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसामुळे. कालिदासाला हे ठाऊक होते, बाहुलीवाल्यांना ठाऊक होते, आणि फारसे न बोलणाऱ्या आमच्या सरांनाही. म्हणून झाडे उलटी पळत असताना त्यांनी दिव्यावरच्या मुलाला हाक मारली नाही, मला मारली.

जाता जाता शाळेला एक विनंती. आपल्या वर्गांत मराठी घरची मुले आमच्या वेळेपेक्षा कमी आहेत, हे मी जाणतो. ती वाढविण्याचा उपाय माझ्यापाशी नाही. पण दर वर्षी आठवी-नववीची दहा मुले सुरभीच्या कलावंतांना भेटायला नेता येतील. त्यांच्या घरची बोली ऐकावी, वहीत उतरून घ्यावी, कप्पी कशी बांधतात ते पाहावे आणि जमल्यास एक दोर ओढून पाहावा. माझ्या प्रबंधात जी ओळ राहून गेली, ती या मुलांच्या वहीत लिहिली जावी. तो जुना लँटर्न शाळेच्या कुठल्या कपाटात पडून असेल, तर तोही एकदा पुसून पेटवावा. पट्टी कोणत्या बाजूला ओढायची ते सांगायला मी येईन.